मणक्याच्या ऑपरेशननंतर उरलेलं दुखणं

टाके निघाले, जखम भरली. एक्स-रेमध्ये स्क्रू जागच्या जागी आहेत आणि डॉक्टरही म्हणतात, ‘ऑपरेशन छान झालंय.’ तरी सकाळी अंथरुणातून उठताना कमरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत जातेच. घरचे विचारतात, ‘एवढे पैसे घातले, आता काय दुखतंय?’ हळूहळू माणूस सांगायचंच सोडून देतो.

हे दुखणं खरं आहे आणि असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. कमरेच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या १० ते ४० जणांचं दुखणं राहतं किंवा परत येतं, असं वेगवेगळे अभ्यास सांगतात. कागदांवर त्याला ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ म्हटलेलं दिसतं.

दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीने नस दबते आणि गादीचा तो तुकडा काढला की पाय मोकळा होतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. पायाची कळ या ऑपरेशनने चांगली थांबते. नुसत्या कंबरदुखीचं तसं नाही, तिथे त्याचा भरवसा कमी. ऑपरेशनच्या आधी हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगायलाच हवं, आणि नेमकं तेच कितीदा राहून जातं.

मग दुखतं कुठून? कधी गादी त्याच जागी पुन्हा सरकते. कधी नसेभोवती जखमेचा चिवट पापुद्रा धरतो. स्क्रू घालून दोन मणके जखडले की वाकण्याचा ताण शेजारच्या मणक्यावर किंवा माकडहाडाजवळच्या सांध्यावर येतो आणि तिथे नवं दुखणं सुरू होतं. पापुद्रा की गादी, हे ओळखायला शिरेतून औषध देऊन एमआरआय काढतात. काही जणांत मात्र फोटोत बोट ठेवण्यासारखं काहीच सापडत नाही. फार काळ दुखत राहिलं की मज्जारज्जू आणि मेंदूच जास्त संवेदनशील होतात, साधा स्पर्शही टोचू लागतो.

म्हणून कारण सापडल्याशिवाय दुसऱ्या ऑपरेशनला होकार देऊ नये, असं आम्हाला कळकळीने सांगावंसं वाटतं. दरवेळी पुन्हा कापलं की गुण येण्याची शक्यता कमीच होत जाते. अपवाद एकच: लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

रोजचं जगणं सावरतं ते हालचालीने. फिजिओथेरपिस्ट पहिल्यांदा उठायलाच शिकवतात: आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग हाताचा जोर देऊन बसायचं. त्यानंतर चालणं. पंधराव्या मिनिटाला कळ येत असेल तर दहाव्या मिनिटालाच थांबायचं, आणि दर आठवड्याला एखाद-दोन मिनिटं वाढवायची. बहुतेकांचं नेमकं उलटं होतं. जरा बरं वाटलं की त्याच दिवशी माळा आवरायला घ्यायचा, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. कामाचे तुकडे पाडणं हाही उपचारच आहे. अर्ध्या भाकरी थापून झाल्या की बसायचं, उरलेल्या नंतर.

गोळ्यांचंही तसंच. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोट आणि किडनी दोन्ही धोक्यात येतात. नसेच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करायची आणि बंदही त्यांना विचारूनच करायची. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं की ‘म्हणजे मी नाटक करतोय का?’ असं मनात येतं. झोप उडालेली असते, वाकायची धास्ती बसलेली असते, आणि दोन्हींनी दुखणं वाढतं. त्यावर तिथे इलाज आहे.

एवढं करूनही पायाची कळ हटली नाही, तर कातडीखाली बॅटरी बसवून मज्जारज्जूजवळ सौम्य वीजप्रवाह देतात. अमेरिकेत १९६७ मध्ये हा प्रयोग पहिल्यांदा झाला. आधी काही दिवस तात्पुरती तार घालून बघतात, आणि दुखणं निम्म्यावर आलं तरच बॅटरी कायमची बसवतात. खर्च काही लाखांत जातो आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही.

मोठ्या शहरांतल्या अनेक हॉस्पिटलांत आता वेदना उपचार केंद्र, म्हणजे पेन क्लिनिक असतं. तिथे जाताना जुने-नवे एमआरआय न्या, आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची सविस्तर नोंदही जिथे ऑपरेशन झालं तिथून मागून घ्या. कोणत्या मणक्याला नेमकं काय केलं, हे त्या नोंदीतच लिहिलेलं असतं.