नॅनोकणांपुढे मास्क निरुपयोगी असतो का?

नमस्कार. १ ते १०० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) आकाराचे कण म्हणजे नॅनोकण, हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तुर्भे, महापे, अंधेरी येथील रंग आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत अशा कणांच्या भुकटीशी काम करणारे अनेक प्रेक्षक विचारतात की मास्कची छिद्रे कणांपेक्षा मोठी असतील, तर तो लावायचा कशाला?

हा समज मला अस्वस्थ करतो, कारण त्यावर विसंबून माणसे मास्क काढून ठेवतात. एन-९५ मास्क चाळणीसारखा काम करतच नाही. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात, तंतूंवर आदळतात आणि तिथेच चिकटतात. शिवाय तंतूंवरचा विद्युतभारही त्यांना ओढून घेतो. सर्वांत सहज निसटणारे कण दहा ते शंभर नॅनोमीटरमधले असतात, पण प्रमाणित एन-९५चे कापड त्यांपैकीही सुमारे ९५ टक्के अडवते.

खरी गळती कापडातून नव्हे, कडेने होते. दाढीवर मास्क चालेल का, असे पुन्हा पुन्हा विचारले जाते. चालणार नाही, कारण केसांतून हवा वाट काढते आणि हवेबरोबर कणही आत जातात. नाकावरची पट्टी न दाबता लावलेल्या उत्तम मास्कचीही हीच गत होते.

तरीही मास्क हा शेवटचा उपाय आहे. अंधेरीच्या एका गाळ्यात मास्क लावलेला कामगार हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या नरसाळ्यासारख्या तोंडात, भुकटीची गोणी उंचावरून रिकामी करताना मी पाहिला. शेजारी पॅकिंग करणाऱ्यांच्या तोंडावर काहीच नव्हते. तिथे गोणीच्या तोंडाशी धूळ शोषणारी हूड हवी होती. पदार्थ ओळखीचा आहे म्हणून बेफिकीर राहू नये. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायोश या संस्थेने २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड या रंगांत वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या पदार्थाच्या साध्या बारीक भुकटीसाठी हवेच्या घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, पण अतिसूक्ष्म भुकटीसाठी केवळ ०.३ मिलिग्रॅम मर्यादा सुचवली, कारण तेवढ्याच वजनात लहान कणांचे पृष्ठफळ कितीतरी जास्त असते आणि फुप्फुसाला होणारा दाह त्या पृष्ठफळाबरोबर वाढतो. कार्बन नॅनोट्यूबसाठी, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांसाठी, याच संस्थेची २०१३ मधील मर्यादा तर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे.

कामाची पाळी संपल्यावर कॉम्प्रेस्ड एअरने कपडे आणि यंत्रे झटकण्याची पद्धत मात्र तातडीने बंद करा, कारण खाली बसलेली सगळी भुकटी त्यामुळे पुन्हा श्वासाच्या उंचीवर येते. कोरडा झाडूही नको. ओल्या फडक्याने पुसा किंवा हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम वापरा, घरगुती नव्हे, कारण त्याच्या मागच्या झडपेतून बारीक धूळ पुन्हा खोलीतच येते.