ल्युसर्नचा साकव

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जायचंय, पार स्वित्झर्लंडला, पण सुरुवात कोकणातूनच करतो. साकव माहितीये ना? वहाळावर माडाचे नाहीतर पोफळीचे दोन ओंडके आडवे टाकायचे, धरायला एक बांबू बांधायचा, झाला साकव. पावसात पाणी चढलं की जातो वाहून, मग गावातली चार माणसं जमतात आणि परत घालतात. आमच्या आजोळच्या साकवाचं एकही लाकूड दहा वर्षांपूर्वीचं नसेल, पण कुणालाही विचारा, उत्तर एकच, "हा? हा पणजोबांच्या वेळचा."

आता ल्युसर्न. युरोप टूर करून आलेल्या कुणाच्याही मोबाईलमध्ये हा फोटो असतोच, तळ्याच्या तोंडाशी तिरका गेलेला लाकडी पूल, वर कौलारू छप्पर, बाजूनी फुलांच्या कुंड्या आणि पाण्यात उभा असलेला दगडी बुरूज. त्याचं नाव कापेलब्रुके, म्हणजे चॅपलचा पूल, कारण शेजारी सेंट पीटरचं चॅपल आहे. फक्त चालणाऱ्यांसाठी. रॉइस नदी तळ्यातून जिथे बाहेर पडते तिथेच हा आहे, त्यामुळे एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला नदी.

आमचा टूर मॅनेजर म्हणाला, हा १३३३ सालचा पूल, हात लावून बघा, सातशे वर्षांचं लाकूड! मी लावला हात. लाकूड कसं छान, गुळगुळीत, आमच्या सोसायटीतल्या नव्या बाकड्यासारखं. तेव्हाच डोक्यात किडा वळवळला.

तर झालं असं होतं. १९९३ साली १७ ऑगस्टच्या रात्री, म्हणजे खरं तर १८ तारीख लागली होती तेव्हा, पुलाखाली बांधलेल्या एका बोटीला आग लागली. सिगारेटचं थोटूक असावं असं सगळे म्हणतात, पक्कं सिद्ध कधी झालं नाही. वाळलेलं जुनं लाकूड, वरून बंद छप्पर, मग काय, बघता बघता मधला जवळजवळ सगळा पूल गेला. वाचली ती दोन टोकं, आणि बुरूज. बुरूज दगडी, सुमारे ३४ मीटर उंच, पुलाच्याही आधीचा, त्याचा कधी तुरुंग झाला, कधी छळाची खोली, कधी शहराचा खजिना, आग त्याचं काय वाकडं करणार!

आणि शहरानं काय केलं, पूल परत बांधला. समिती, अहवाल, टेंडर, पुन्हा टेंडर हे आपलं चक्र तुम्हाला ठाऊकच आहे, तिथे आठ महिन्यांत, १४ एप्रिल १९९४ ला, लोक परत पुलावरून चालायला लागले. खर्च ३४ लाख स्विस फ्रँक. म्हणजे आपण ज्याला सातशे वर्षांचा म्हणतो त्याचा बराचसा भाग आमच्या धाकट्या भावाहून लहान आहे. बरं, १३३३ पण आता डळमळीत झालंय, अलीकडचे अभ्यासक १३६५ च्या आसपास म्हणतात. आणि लांबी? आज सुमारे २०५ मीटर, पण पूर्वी याहून बराच लांब होता, एकोणिसाव्या शतकात काठावर भराव घातले तसतसा पूल आखूड होत गेला. तेव्हा मोडतोड काही आगीनंच सुरू केली नाही.

मुळात हा शोभेचा पूलच नव्हता हो. शहराच्या तटबंदीचा भाग होता तो. नीट बघितलंत तर तळ्याकडचा कठडा नदीकडच्यापेक्षा उंच आहे, कारण शत्रू येणार तो तळ्यातून, होड्यांनी. फुलांच्या कुंड्यांच्या नादात हे कुणी बघतच नाही.

पण माझा जीव अडकलाय तो छपराखालच्या चित्रांत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स हाइनरिश वेगमान नावाच्या चित्रकारानं ही चित्रं काढली, तिकोनी फळ्यांवर, कारण छपराच्या वाशांमध्ये जागाच तिकोनी. शहराचा इतिहास, देशाचा इतिहास, संतांच्या गोष्टी, आणि खाली यमक जुळवलेल्या ओळी. पैसे दिले शहरातल्या बड्या घराण्यांनी, म्हणून त्यांची मानचिन्हंही चित्रात आली, अगदी आपल्या देवळातल्या फरशीवर "अमुक यांजकडून" असतं ना, तसंच. एका चित्रात चक्क राक्षस आहे! १५७७ मध्ये रायडन गावाजवळ झाड उन्मळलं, त्याखाली प्रचंड हाडं निघाली, लोक म्हणाले राक्षसाची. निघाली मॅमथची, पण ते कळेपर्यंत राक्षस पुलावर जाऊन बसला होता.

आगीच्या आधी १४७ चित्रं शिल्लक होती, त्यातली दोन तृतीयांश जळाली आणि पूर्णपणे दुरुस्त होऊ शकली ती फक्त ३०. आता खरा प्रश्न. लाकूड नवं घातलं ते घातलं, चित्रांचं काय? फोटो होते, कॉप्या करता आल्या असत्या, एका वकिलानं तर स्वतःच्या खर्चानं करवून पण घेतल्या. शहर म्हणालं, नको. म्हणून मधल्या भागात चालताना वर बघाल तर बरेच तिकोन रिकामे दिसतात, नुसते वासे. मला आधी हे फार कोतं वाटलं, एवढे पैसे खर्चले तर चित्रं पण लावा की! मग आजोळचा साकव आठवला. ओंडका बदलता येतो, तो कुणी सही करून टाकलेला नसतो. चित्राचं तसं नाही, वेगमान काही परत येणार नाही. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं, आमच्या घरी तर यावरून जेवताना जुंपली होती.

कधी गेलात तर एक करा. फोटो झाला की परत फिरू नका, नदीच्या कडेनं थोडं खाली जा, तिथे दुसरा लाकडी पूल आहे, श्प्रॉयरब्रुके. श्प्रॉयर म्हणजे कोंडा, भुसा. पूर्वी गिरण्यांचा कोंडा नदीत टाकायची परवानगी फक्त याच पुलावरून होती, कारण हा सगळ्यात खालचा. इथेही तिकोनी चित्रं आहेत, पण प्रत्येकात मृत्यू, हाडांचा सापळा बनून कुणाला तरी न्यायला आलेला, कधी राजाला, कधी नवरीला. ती जळालेली नाहीत. गर्दीही कमी असते. फक्त तो पूलही मूळचा नाही बरं का, १५६६ च्या पुरात वाहून गेला होता, मग परत घातला.