ढालीवरचा देवमासा

(चिन्हाचं चित्र, अगदी जवळून. मागे लाटांचा आवाज.)

होडी. होडीत माणसं. हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, लागलाय, आणि देवमासा अजून मेलेला नाही. नेमका तेवढाच क्षण या ढालीवर धरून ठेवलाय.

हे मुत्रिकूचं मानचिन्ह. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क प्रदेशातल्या गिपुस्कोआ प्रांतात, डोंगर थेट समुद्रात उतरतात तिथलं हे बंदर. वस्ती 5,000 च्या आसपास. गावाला सनद मिळाली 1209 साली, कास्तिलचा राजा आठवा अल्फोन्सो याच्याकडून.

युरोपातल्या गावांच्या ढालींवर सिंह, गरुड, किल्ले यांची गर्दी. ज्यांनी जन्मात सिंह पाहिला नाही, त्यांच्याही ढालीवर सिंह! या किनाऱ्याने मात्र सरळ आपला धंदाच ढालीवर काढला. बेर्मेओ, लेकेइतिओ, ओंदारोआ, सीमेपलीकडे फ्रान्समधलं बिआरित्स, सगळीकडे देवमासा. याच किनाऱ्यावरच्या ओंदारिबिआ गावाच्या शिक्क्यावर तो 1297 सालीच दिसतो. मुत्रिकूचा शिक्का 1507 चा.

(टेकडी, धुकं, खाली राखाडी पाणी.)

थंडी सुरू झाली की राइट व्हेल जातीचे देवमासे बिस्केच्या उपसागरात येत. टेकडीवर टेहळ्या बसलेला असे. पाण्यावर फवारा उडाला की तो ओलं गवत पेटवी. धूर दिसला की खाली होड्या सुटत, पहिला हार्पून आपलाच लागावा म्हणून जिवाच्या आकांताने वल्ही मारत. या घाईतूनच पुढे वल्ह्यांच्या शर्यती आल्या, असं इथले लोक मानतात. सान सेबास्तियानची शर्यत 1879 पासूनची. होडीत 13 वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला. आणि जिंकणाऱ्याला काय मिळतं, तर झेंडा.

हा देवमासा पोहतो संथ, येतो किनाऱ्याजवळ, आणि मेला तरी बुडत नाही, तरंगतो. शिकाऱ्याला आणखी काय हवं! चरबी वितळवली की दिव्याचं तेल. राजालाही वाटा होताच. 1237 च्या सनदेत सारौत्स गावाकडून राजाने मागितला देवमाशाचा एक पट्टा, डोक्यापासून शेपटीपर्यंत. इतका सोपा आणि इतका विचित्र कर दुसरा आठवत नाही.

ढालीवर एकच मोठा देवमासा आहे. प्रत्यक्षात होड्या आधी पिल्लाच्या मागे जात. पिल्लाला सोडून आई जात नाही, हे शिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

(जुना नकाशा. अटलांटिक ओलांडणारी रेघ.)

सोळाव्या शतकात बास्क जहाजं पार कॅनडातल्या लाब्राडोरला पोचली. तिथल्या रेड बे या त्यांच्या ठाण्याला 2013 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. इकडे घरच्या पाण्यात देवमासे दिसेनासे झाले. 14 मे 1901 ला ओरिओ गावासमोर एक मारला, 12 मीटर लांबीचा. या किनाऱ्यावरची ही जवळजवळ शेवटची शिकार. शास्त्रज्ञ या जातीला ‘बास्क देवमासा’ही म्हणत आले, आज ती 400 हूनही कमी उरली आहे, आणि तीही समुद्रापलीकडे, अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्याला.

(मुत्रिकू बंदर. लाटा अडवणारी लांब भिंत.)

मुत्रिकूच्या या भिंतीच्या पोटात 2011 मध्ये वीजकेंद्र सुरू झालं. 16 टर्बाइन, सगळी मिळून क्षमता 296 किलोवॅट. आकडा लहानच, पण रीत बघण्यासारखी आहे. लाट पोकळीत चढते, वरची हवा दाबली जाते आणि टर्बाइनमधून जोरात सुटते. लाट उतरते, हवा परत आत ओढली जाते. एकेकाळी समुद्रातूनच गावात दिवे पेटत होते. आताही पेटतात.

(निवेदन थांबतं. आवाज: दीर्घ फुत्कार. शांतता. पुन्हा फुत्कार.)

टेहळ्याने मान वळवली असती.