मे महिन्यात घ्या, दुपारी तीनला घ्या

(भुसावळ येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि रसिकहो, मध्यम खर्चात जुना हायफाय अॅम्प्लिफायर कसा निवडावा, असा विषय पत्रिकेवर छापलेला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु बरीच वर्षे मनात घर करून बसलेली एक गोष्ट आधी सांगू द्यावी. जुना अॅम्प्लिफायर घ्यायचाच असेल, तर तो मे महिन्यात घ्यावा, दुपारी तीन वाजता पाहावा आणि पंखा बंद करून तासभर ऐकावा. ज्या उन्हाच्या नावाने आपण खानदेशकर बोटे मोडतो, ते ऊन या कामापुरती फुकट मिळालेली प्रयोगशाळा आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकाला ही सोय नाही. (हशा)

समोरच्या टेबलावरचा अॅम्प्लिफायर मी बोलायला उभा राहण्याच्या दहा मिनिटे आधी सुरू केला आहे. त्याला स्पीकर जोडलेले नाहीत. स्पीकरच्या टोकांना फक्त विजेचा दाब मोजणारा मल्टीमीटर लावला आहे. गाणे वाजत नसताना येथे दाब शून्याच्या जवळ असावा लागतो. या क्षणी त्यावर १४ मिलिव्होल्ट दिसत आहेत. पहिल्या रांगेतील मंडळींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हे शहाणपण मला ठेच लागून आले. एका जानेवारीत मुंबईतील एका दुकानात मी जपानी बनावटीचा एक जुना अॅम्प्लिफायर पाहिला. ब्रश केलेल्या अॅल्युमिनियमचा दर्शनी भाग, जड व्हॉल्यूम नॉब आणि सुया हलणारे दोन मीटर असा त्याचा थाट होता. दुकानदार जाणकार होता. त्याने तबल्याची तबकडी लावली आणि डग्ग्याचा घुमारा ऐकताच मी खिशात हात घातला. झाकण उघडून दाखवा, असे म्हणण्याचे भान मला राहिले नाही. चौदा-पंधरा किलोंचे ते धूड मी रात्रीच्या गाडीने मांडीवर घेऊन आणले आणि सकाळी फलाटावर उतरलो, तेव्हा माझे पाय अॅम्प्लिफायरपेक्षा आधी दुरुस्तीला आले होते.

चार महिने त्याने उत्तम साथ दिली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकला असताना, भर दुपारी आतून ‘टक्’ असा आवाज झाला आणि गाणे थांबले. अर्ध्या तासाने ते पुन्हा सुरू झाले आणि पुन्हा थांबले. मी आधी विजेला दोष दिला आणि स्टॅबिलायझर आणला. मग स्पीकरच्या तारा बदलल्या. घरातून सूचना आली की, यंत्राला ऊन लागले असेल तर कांदा लावून पाहा. शेवटी आमच्या गल्लीतील मिस्त्रीने झाकण काढले आणि एकही भाग न बदलता रोग सांगितला.

त्याने दाखवलेली गोष्ट थोडी समजून घेण्यासारखी आहे. आवाजाला ताकद देणारे मोठे ट्रान्झिस्टर अॅल्युमिनियमच्या पंखेदार पट्टीला, म्हणजे हीटसिंकला, घट्ट बसवलेले असतात. ट्रान्झिस्टर तापला की दर अंशामागे त्याच्या बेस नावाच्या टोकाला लागणारा विजेचा दाब सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो. म्हणून दाब तोच राहिला तर प्रवाह वाढतो, प्रवाहाने उष्णता वाढते आणि उष्णतेने पुन्हा प्रवाह वाढतो. हे चक्र आवरण्यासाठी पुष्कळ यंत्रांत त्याच हीटसिंकला एक लहान ट्रान्झिस्टर चिकटवलेला असतो. पट्टी तापली की तो दाब उतरवतो. माझ्या यंत्रात पूर्वी कोणीतरी मोठे ट्रान्झिस्टर बदलले होते आणि हा लहान पहारेकरी पट्टीला पुन्हा न लावता हवेत लोंबकळत ठेवला होता. पट्टी भाजत होती आणि पहारेकऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. शेवटी संरक्षक रिलेने ‘टक्’ करून स्पीकर तोडले. मिस्त्रीने उष्णतावाहक पांढरी पेस्ट लावून तो जागेवर कसला आणि प्रवाह पुन्हा जुळवला. दुकानदाराला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, आमच्याकडे तर व्यवस्थित चालत होता.” ते खोटे नव्हते. त्याचे दुकान वातानुकूलित होते. (हशा)

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचेही, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या डब्यांचेही, तसेच आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. त्यामुळे चाळीस वर्षांच्या अॅम्प्लिफायरमध्ये हीटसिंकच्या कडेला बसलेले कपॅसिटर आधी पाहावेत. डोके फुगलेले असेल किंवा बुडाशी चिकट डाग असेल, तर किमतीत घासाघीस करावी. वीजपुरवठ्याचे मोठे कपॅसिटर सुकले की गाणे नसतानाही स्पीकरमधून घूं असा आवाज येतो; आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे हा आवाज बहुधा १०० हर्ट्झचा असतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत आणि छापलेला विषय अजून शिल्लक आहे, तेव्हा आता भराभर सांगतो.

वीस हजार रुपये जवळ असतील, तर पंधराचाच अॅम्प्लिफायर घ्यावा आणि पाच हजार मिस्त्रीसाठी बाजूला ठेवावेत. वॉटच्या आकड्यामागे लागू नये. २० वॉटचे ४० वॉट केले तरी फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो आणि तेवढा तर अधिक संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच वॉटवर मोठा आवाज देणारा, स्पीकर घेतल्यानेही मिळतो. १९७८ मध्ये आलेला नॅड कंपनीचा ३०२० हा अॅम्प्लिफायर कागदावर २० वॉटचाच होता, तरी त्याला आजही गिऱ्हाईक आहे. नॅडची, यामाहाची, मरांट्झची किंवा आपल्या कोलकात्याच्या सोनोडाइनची साधी मॉडेले बघावीत, कारण सुटे ट्रान्झिस्टर असलेले यंत्र मिस्त्रीला उलगडते. आवाजाला ताकद देणारा सगळा भाग एकाच तुकड्यात भरलेला असतो, तो एसटीके जातीचा एकसंध तुकडा जळाला, तर बाजारात त्याची नक्कलच गळ्यात पडण्याची शक्यता अधिक.

मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जपानच्या घरगुती बाजाराचे यंत्र १०० व्होल्टचे आणि अमेरिकेचे १२० चे असते. त्याला ट्रान्सफॉर्मर लावता येतो. पण रात्री पंप बंद होऊन आपल्याकडे २५० व्होल्ट आले, तर २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर जवळजवळ १०९ देतो आणि त्याची चिंता आपल्यालाच वाहावी लागते.

व्हॉल्यूम नॉब फिरवताना खरखर आली, तर घाबरू नये. ती बहुतेक वेळा क्लीनरने जाते. एक बाजू मधूनच गप्प होत असेल, तर रिले बिघडलेला किंवा सोल्डरचा डाग सुटलेला असू शकतो, तेही परवडते. ट्रान्सफॉर्मरमधून जळका वास आला, तर मात्र भाव न विचारता परत फिरावे. झाकण स्वतः उघडणाऱ्यांनी प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरला बोट लावू नये. त्यात भार टिकून राहतो.

आता पहिल्या रांगेने मीटर पाहावा. १४ चे १९ झाले आहेत. माझ्या हिशेबाने आकडा पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर मी स्पीकर जोडतो; आकडा थांबत नसेल आणि चढतच असेल, तर विकणाऱ्याला चहा पाजून निरोप घेतो. ज्यांना हीटसिंकवर हात ठेवून पाहायचा आहे, त्यांनी मी प्लग काढल्यावर इकडे यावे. थंड पाण्याचे पेले हाती घेतलेल्यांनी मात्र हात पुसून यावे.