सतरा नंबरची लाइन

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळची वर्दळ. लाकडी जिना.)

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. यंत्र उघडून बघायची खोड या गावाला तेव्हापासूनची. दांडिया बाजारातल्या या मराठी घराच्या माडीवर आज एक जुना कॉम्प्युटर उघडा पडलाय. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तो ट्रान्सफॉर्मरचं तापमान नोंदवायचा.

(दृश्य: स्क्रीन, अगदी जवळून.)

'आयआरक्यू १७: नोबडी केअर्ड.' लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सांगतोय, सतराव्या लाइनवर हाक (इंटरप्ट) आली आणि कुणीच ओ दिली नाही.

ही लाइन तापमानाचं कार्ड आणि कीबोर्डचा यूएसबी कंट्रोलर यांच्यात सामायिक. वाड्याला घंटा एकच, बिऱ्हाडं दोन. घंटा वाजली की कर्नल दोन्ही ड्रायव्हरांना, म्हणजे एकेका उपकरणाचा कारभार बघणाऱ्या कोडला, विचारतो. ज्याचं काम असेल त्याने आपल्या कार्डाचं स्टेटस रजिस्टर, म्हणजे हाकेच्या कारणाची खूण जिथे उमटते ती जागा, बघायचं, खूण पुसायची आणि 'माझं' म्हणायचं.

(दृश्य: कोडच्या ओळी, दुरुस्ती करणाऱ्या बाईंचं बोट.)

कार्ड हाक मारतं दोन कारणांनी: नोंद तयार झाली, किंवा बफर, म्हणजे नोंदी तात्पुरत्या साठवायची जागा, भरून वाहिला. ड्रायव्हर पहिलंच कारण तपासत होता. बफर वाहिला की उत्तर, 'माझं नाही.' खूण तशीच, लाइन तशीच, कर्नलचा प्रश्न पुन्हा तोच. एक लाख इंटरप्टांत ९९,९०० हून जास्त बेवारशी निघाले की कर्नल लाइनच बंद करतो. मग कीबोर्ड अडखळतो, आणि लोक कीबोर्ड बदलून बघतात!

तिने ड्रायव्हरला दुसऱ्या कारणाची खूणही (बिट) तपासायला लावली, ती पुसली आणि लगेच तेच रजिस्टर परत वाचलं. हे वाचणं उगाच वाटेल. पण पीसीआयवर, म्हणजे कार्डाला कॉम्प्युटरशी जोडणाऱ्या मार्गावर, लिहिलेलं वाटेतल्या ब्रिजमध्ये (दोन मार्ग जोडणाऱ्या चिपमध्ये) रेंगाळू शकतं. वाचायला गेलं की आधीचं लिहिलेलं कार्डापर्यंत पोचवावंच लागतं. नाहीतर हँडलर (हाकेला ओ देणारा ड्रायव्हरचा भाग) संपतो, लाइन मात्र अजून हाक मारतेच आहे.

(दृश्य: इंटरप्टांचा तक्ता.)

सतराव्या ओळीतला आकडा मघाशी सुसाट पळत होता. आता नोंद आली की तेवढाच सरकतो.

कार्ड बनवणाऱ्यांनी हात केव्हाच वर केले होते. ड्रायव्हरचा कोड खुला, म्हणून तो माडीवर बसून वाचता आला. कुलूपबंद असता, तर पूर्ण कॉम्प्युटर भंगारवाल्याकडे गेला असता.

पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवून झाला. कारखान्याने नव्या यंत्राची खरेदी तूर्त थांबवली आहे.