माहीत नाही, चला बघू या

श्रोतेहो, नमस्कार.

शिक्षकांच्या वन्यजीव प्रशिक्षणाला गेले की पहिल्याच तासाला मी पिशवीतून सुतळी काढते. चार खुंट्या ठोकायच्या, त्यांच्याभोवती सुतळी फिरवायची, की प्रत्येक बाजू एक मीटरची असा चौकोन तयार होतो. एकेका चौकोनाशी दोघादोघांनी वीस मिनिटं उकिडवं बसायचं. हातात वही-पेन. अट एकच, नावं लिहायची नाहीत. जे दिसतं ते लिहायचं.

पहिली पाच मिनिटं अवघड जातात. "इथे काहीच नाही हो," अशी तक्रार येते. कुणी घड्याळ बघतं, कुणी फोन चाचपतं. मग कुणाला तरी पानाच्या खालच्या बाजूला मोहरीपेक्षा बारीक अंडी दिसतात, आणि बोलणं आपोआप हलक्या आवाजात सुरू होतं.

एका शिबिरात विज्ञान शिकवण्यात उभी हयात घालवलेले एक गुरुजी होते. त्यांच्या चौकोनातून मुंग्यांची रांग चालली होती. मी म्हटलं, रांगेवरून बोट आडवं घासा. त्यांनी घासलं. मुंग्या त्या जागेपाशी आल्या आणि थबकल्या. मिशा हलवत डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या, काही मागे फिरल्या. मागच्या येऊन त्यांच्यावर आदळल्या. थोड्या वेळाने एक चाचपडत पलीकडे पोचली, तिच्यामागून दुसरी, आणि रांग पुन्हा जुळली. मुंगी चालताना पोटाचं टोक जमिनीला टेकवून वासाचं रसायन सोडते, त्याला फेरोमोन म्हणतात. बोटाने नेमकं तेच पुसलं होतं. गुरुजींना हे सगळं पाठ होतं. "शिकवलं इतकी वर्षं," ते म्हणाले, "बघितलं आज." आणि पुन्हा बोट घासायला वाकले.

शिक्षकांशी निवांत बोललं की एक भीती हमखास बाहेर येते. मुलांना घेऊन बाहेर गेलो, एखाद्याने विचारलं, हा कोणता पक्षी, आणि मला सांगता आलं नाही तर? या भीतीपायी कितीतरी वर्ग मैदानाचा उंबरठा ओलांडत नाहीत. आणि आपण, म्हणजे प्रशिक्षण देणारी माणसं, त्यावर उपाय काय करतो? सभागृहाचे पडदे ओढतो, दिवे मालवतो आणि पडद्यावर एकामागून एक पक्षी दाखवतो. बाहेर झाडावर खरा पक्षी ओरडत असतो, तो कुणाला ऐकूही येत नाही. मी स्वतः अशी भाषणं केली आहेत, म्हणून हक्काने बोलते. संध्याकाळी शिक्षक प्रमाणपत्र घेऊन घरी जातात आणि भीतीत भर पडलेली असते, कारण आपल्याला काय काय येत नाही हे आता त्यांना नीट कळलेलं असतं.

माझा नावांना विरोध नाही. नाव कळलं की ओळख पक्की होते. 2002 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी प्राथमिक शाळेच्या मुलांना चित्रांची कार्डं दाखवली, काही खऱ्या प्राणी-वनस्पतींची, काही पोकेमॉनची, म्हणजे कार्टून आणि पत्त्यांच्या खेळातल्या काल्पनिक प्राण्यांची. चार वर्षांच्या मुलांना खरे जीव सुमारे 32 टक्के ओळखता आले, पोकेमॉन जेमतेम 7 टक्के. आठव्या वर्षी मात्र खरे जीव 53 टक्क्यांवर होते आणि पोकेमॉन 78 टक्क्यांवर जाऊन पोचले होते. म्हणजे मुलांच्या स्मरणशक्तीला काहीही धाड भरलेली नाही. पोकेमॉन रोज त्यांच्या समोर येतो, त्याची अदलाबदल होते, त्यावरून भांडणं होतात. भुंग्यावरून कोण भांडतं?

1977 साली जॉर्जियातल्या तिबिलिसी इथे युनेस्कोने पर्यावरण शिक्षणावर देशोदेशींच्या सरकारांची पहिली परिषद भरवली. तिने या शिक्षणाची उद्दिष्टं पाच गटांत मांडली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपली गाडी दुसऱ्या स्थानकावर थांबते, कारण परीक्षा तिथेच होते.

दुपारच्या सत्रात घुबडं येतात. खरी नव्हे, त्यांनी ओकलेले गोळे. गव्हाणी घुबड उंदीर सहसा अख्खाच गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांचा गोळा करून ते तोंडावाटे टाकतं. तो आधी निर्जंतुक केलेला हवा, हातमोजे हवेत, नंतर साबणाने हात धुणं हवं; यात चालढकल नको, कारण अशा गोळ्यांतून शाळांमध्ये जंतुसंसर्ग पसरल्याची उदाहरणं आहेत. चिमट्याने केस बाजूला केले की कवटी हाती लागते. पुढचे दात आणि दाढा यांच्यात मोकळी जागा दिसली तर तो उंदराच्या कुळातला. अणकुचीदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. सकाळी "शी" म्हणणारे शिक्षक दुपारी "माझ्यात तीन कवट्या निघाल्या" म्हणून शेजारच्याला दाखवत असतात. अन्नसाखळीचा बाण फळ्यावर काढायला अर्धं मिनिट पुरतं. इथे तो बाण हातात येतो.

काही पथ्यं मात्र मी कठोरपणे सांगते. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याखाली कुणाचं तरी घर असतं. घरट्याजवळ जायचं नाही. बरणीत कोंडलेला जीव वर्गात आणायचा नाही. आणि लहान मुलांना सुरुवातीलाच जळणारी जंगलं, मरणारी अस्वलं दाखवायची नाहीत. डेव्हिड सोबेल नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी बजावलं आहे की जिव्हाळा जुळण्याआधीच संकटाचं ओझं लादलं तर मूल निसर्गापासून तोंड फिरवतं. मला हे पटतं.

एका दिवसाच्या शिबिरावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. सहा आठवड्यांनी त्याच शिक्षकांना आपापली वही घेऊन पुन्हा बोलवावं, तिथे खरं काय ते कळतं. अशाच एका बैठकीत एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांच्या शाळेच्या फाटकाला कोळ्याने चक्राकार जाळं विणलं होतं. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, कोळी स्वतःच्या जाळ्यात का चिकटत नाही? "मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात म्हणाले, माहीत नाही, चला बघू या." मग भिंग आणलं. गोल फिरणाऱ्या धाग्यांवर मण्यांसारखे बारीक थेंब दिसले, मधून बाहेर जाणारे धागे कोरडे. गवताची काडी टेकवून पाहिली. थेंबांच्या धाग्याला ती चिकटली, कोरड्याला नाही. कोळी येता-जाता बहुतेक कोरड्या धाग्यांवरच पाय ठेवत होता.

त्यावर एका मुलाने विचारलं, मग आधी कोणते विणतो? हे बघायचं तर जाळं विणताना गाठायला हवं, आणि ते काम बरेच कोळी अंधारात उरकतात. शाळा भरायच्या कितीतरी आधी, उजाडण्यापूर्वी घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन फाटकाशी कोण येणार, याची यादी वर्गाच्या फळ्यावर लागली आहे. पहिलं नाव बाईंचं आहे.

नमस्कार.