शिट्टीच्या आधी

(दृश्य: पहाट. भात कापलेलं शेत, ताणलेली दोरी, चुन्याच्या फक्कीची पाटी.)

भात कापून महिना झाला. रायगडातलं हे शेत आता मैदान झालंय. दोन खाचरांमधला बांध फोडला, धसकटं खणून काढली, पाणी मारून मारून रोलर फिरवला. मंडळाची पोरं रात्रीची इथंच झोपली होती.

आता आखणी. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. टेप धरून चार बाजू मोजल्या की झालं, असं वाटतं. पण बाजू बरोबर येऊनही मैदान तिरकं असू शकतं. म्हणून हे काका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी लावतायत. कर्ण १६ मीटर ४० सेंटीमीटर भरला पाहिजे. दोन्ही कर्ण सारखे आले, तरच फक्की पडणार.

"काका, इकडं सैल आहे."

दोरी पुन्हा ताणली जाते. खुंटी चार बोटं सरकते. ही चार बोटं संध्याकाळी कुणाच्याही लक्षात येणार नाहीत. यायलाही नकोत. मैदानाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, की आयोजकाचं काम नीट झालं.

एकेकाळी आपल्याकडे हुतुतू गावोगाव वेगवेगळ्या नियमांनी खेळला जायचा. १९२३ साली बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा भरली, तेव्हा वेगवेगळ्या गावांच्या संघांना एकाच नियमात बसवावं लागलं. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. तिथवर खेळाडूंनी नेलं, हे खरंच. पण रेषा आखणारे आणि त्या रेषेवर डोळा ठेवणारे हातही त्यात होते. ही फिल्म त्या हातांची आहे.

(दृश्य: दुपार. मंडपाची सावली, वजनकाटा, रांगेत उभे खेळाडू.)

दुपारी पंच येतात. कुणी शाळेत शिकवतं, कुणी रात्रपाळी करून थेट इथं आलंय. पंच परीक्षा देऊन मिळवलेला बॅज प्रत्येकाच्या खिशाला आहे.

शिट्टी अजून खिशातच आहे. आधी नखं. एकेका खेळाडूचा हात उलटा करून बोटांवरून अंगठा फिरवायचा. वाढलेलं नख पकडीत समोरच्याची कातडी सोलतं. या पंचांच्या खिशात स्वतःचं नेलकटर आहे. करकर आवाज येतो, पोरगं ओशाळतं, रांग पुढे सरकते. हातातलं कडं, गळ्यातली साखळी, सगळं उतरवायचं. अंगाला तेल चोपडलेलं चालत नाही, कारण तेलकट पायावर पकड बसतच नाही.

मंडपामागे आयोजकांची वही उघडी आहे. पोलीस परवानगी, प्रथमोपचाराची पेटी, रुग्णवाहिकेचा नंबर, जनरेटरचं डिझेल. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, म्हणून सामन्यांच्या वेळा उलट्या बाजूने, दहापासून मागे मोजत लावल्यात. आणि प्रेक्षकांची गॅलरी. मार्च २०२१ मध्ये तेलंगणात सूर्यापेटला राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या वेळी गॅलरी कोसळली, शंभराहून जास्त माणसं जखमी झाली. या मैदानात लोक जमिनीवर बसतात.

(दृश्य: संध्याकाळ. दिवे लागतात. नाणेफेक.)

एका सामन्याला सहा माणसं लागतात. एक सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, दोन पंच, एक गुणलेखक, दोन सहाय्यक गुणलेखक. सरपंच नाणेफेक करतो, वेळ सांभाळतो. पंच दोन बाजूंना. सहाय्यक गुणलेखक दोन टोकांना, बाद झालेल्यांच्या रांगेजवळ. कोण कितवा बाद झाला, हे त्यांनी लिहायचं, कारण जो आधी बाद झाला तोच आधी आत येणार. इथं एक नंबर चुकला तर भलताच खेळाडू मैदानात उतरतो.

आता ही चढाई नीट बघा.

उत्तरार्ध. दोन चढाया रिकाम्या गेल्यात, तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. दम चालू आहे. तीस सेकंदांतली वीस संपली. तो कोपऱ्याकडे झेपावतो, हात पुढे, आणि त्याच झपाट्यात पाय राखीव क्षेत्रात. बाजूची ही एक मीटरची पट्टी झटापट सुरू झाल्यावरच, म्हणजे स्पर्श झाल्यावरच, खुली होते. स्पर्श आधी झाला असेल तर गुण. पाय आधी पडला असेल तर बाद.

अलीकडच्या पंचाला पाय दिसला. हात खेळाडूच्या पाठीआड होता. पलीकडच्याला हात दिसला. दोघांचे इशारे वेगळे.

शिट्टी. सरपंच दोघांना मध्यरेषेवर बोलावतो. पाठीमागे काय गलका चाललाय, ऐका. यजमान गावाचा संघ एका गुणाने मागे आहे आणि चढाई त्यांचीच होती. सरपंच आधी एकाचं ऐकतो, मग दुसऱ्याचं. एकच प्रश्न विचारतो: "तुम्ही स्वतः काय पाहिलंत?" अंदाज नको, पाहिलेलं सांगा. पलीकडचा पंच आपल्या कोपरावर बोट ठेवून दाखवतो, इथे लागला हात, पाय तेव्हा हवेत होता. अलीकडचा क्षणभर थांबतो आणि मान हलवतो. स्पर्श त्याने पाहिलेलाच नव्हता.

गुण दिला जातो. पाहुण्यांचा कर्णधार धावत येतो, हातवारे करतो. सरपंचाचा हात खिशातल्या हिरव्या, ताकीद देण्याच्या कार्डाकडे जातो. कर्णधार ते बघतो आणि मागे फिरतो.

(दृश्य: गुणलेखकाचं टेबल.)

टेबलावर गुणलेखकाने या सगळ्या वेळात मान वर केलेली नाही. पेन कागदापासून बोटभर वर थांबलेलं. इशारा झाला आणि गुणपत्रिकेवरचा पुढचा आकडा खोडला गेला, म्हणजे गुण नोंदला गेला.

(दृश्य: रात्र. दिवे विझतायत.)

यजमान हरले. गुणपत्रिकेवर दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्या, शेवटी सरपंचाची. दोन्ही पंच एकाच मोटारसायकलवर बसून निघाले. मंडळाची पोरं फक्कीवरचे पाय पुसतायत, रेषा दोन ठिकाणी पार विस्कटलीय. उद्या पहिला सामना साडेचारला.

"काका, दोरी कुठं ठेवलीत?"